ही खुर्ची लगेज नाही!

ग्रुपची ट्रिप विमानानं ठरतेय आणि ग्रुपमधला एक जण व्हीलचेअर वापरतो. मग काय म्हणायचं त्याला? ‘तू राहू दे, तुला त्रास होईल’? की सरळ तिकीट काढायचं? काढणार असाल तर आधी हे वाचा. आणि तो एक जण तुम्ही स्वतःच असाल, तर दोनदा वाचा.

बॅगांना लावतात ना, तो लांबडा चिकट टॅग. चेक-इन काउंटरवरच्या मुलीनं तो प्रिंटरमधून टर्रकन फाडला, उठून पुढं आली आणि माझ्या खुर्चीच्या मागच्या मुठीला गुंडाळला. मी तेव्हा त्या खुर्चीत बसलेली होते.

‘यांना त्या खुर्चीत बसवा, ही लगेजमध्ये जाईल,’ ती म्हणाली. मला नाही, बाबांना. बाबा फक्त सोडायला आले होते. तिकीट माझ्या नावाचं, आधार कार्ड माझं, इंटरव्ह्यूला निघालेली मी. पण प्रश्न सगळे बाबांना. ‘यांना चालता येतं का?’, ‘यांना विंडो चालेल का?’ मी मध्येच म्हटलं, ‘चालेल.’ ती दचकली. जणू बॅगच बोलली.

वय तेवीस, एमए झालेलं, पहिलाच विमानप्रवास. मी मुकाट्यानं विमानतळाच्या खुर्चीत बसले आणि माझी खुर्ची बेल्टवरून, सुटकेस आणि आंब्यांच्या पेट्यांच्या मधोमध, त्या रबरी पडद्याआड गेली. तेव्हा मला माहीतच नव्हतं की इथं ‘नाही’ म्हणता येतं.

तर मुद्दा हा आहे. म्हणता येतं.

खुर्ची आणि खुर्चीत फरक असतो

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. एकोणिसाव्या वर्षी टू-व्हीलरवरून पडले, मणक्याला मार लागला. कमरेच्या खाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. पहिलं वर्ष हॉस्पिटल, फिजिओथेरपी आणि रडारड यात गेलं. दुसऱ्या वर्षी माझ्या मापाची खुर्ची आली. मापाची म्हणजे अगदी शिंप्याकडे देतात तशी. मांडीची लांबी, कमरेची रुंदी, पाठ किती उंच हवी, पाय कुठं टेकायचे, सगळं मोजून. चाकं अशा जागी की हाताच्या एका फटक्यात खुर्ची गर्रकन वळते. ती आली आणि मी परत कॉलेजला गेले. एकटी. कॅन्टीनमध्ये चहा आणायलाही एकटी. हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल, मला ते लिहिताना अजून भारी वाटतं.

आता विमानतळाची खुर्ची कशी असते? जड. ऐसपैस. कुणीही बसावं म्हणून बनवलेली, त्यामुळे कुणाच्याच मापाची नाही. बऱ्याचदा तिला स्वतः ढकलायची सोयच नसते, नाहीतर ती इतकी रुंद असते की हात चाकांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. म्हणजे ढकलणारा माणूस हवाच. त्या माणसाला मागं अजून चार प्रवासी न्यायचे असतात. तो तुम्हाला गेटजवळ एका खांबाशी लावतो, ‘इथंच थांबा हां मॅडम’ म्हणतो आणि जातो.

थांबणार नाही तर काय करणार!

पन्नास मिनिटं मी खांबाशी होते. समोर चहाचा स्टॉल, डावीकडं बायकांचं टॉयलेट, मागं माझी फ्लाइट दाखवणारा स्क्रीन, जो मान वळवूनही दिसत नव्हता. दोन पाय गेले तेव्हा मला इतकं अपंग वाटलं नव्हतं जितकं त्या खांबापाशी वाटलं. आजार नवीन नव्हता, शरीर तेच होतं. फक्त खुर्ची बदलली होती.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, अपंग प्रवाशांसाठी वेगळे नियम आहेत आणि स्वतःची खुर्ची बोर्डिंगच्या गेटपर्यंत वापरू देण्याची तरतूद त्यात आहे. काउंटरवर स्पष्ट सांगायचं: ‘मी माझ्याच खुर्चीतून जाणार. टॅग आत्ता लावा, पण खुर्ची विमानाच्या दारात द्यायची आहे आणि उतरल्यावर मला ती दारातच परत हवी.’ कधी कधी समोरच्यालाच नियम माहीत नसतो. मग आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवायचं. आवाज चढवला की ‘या लोकांना राग फार असतो’ हे ऐकावं लागतं, स्वानुभव आहे.

तिकीट काढतानाच ‘व्हीलचेअर असिस्टन्स’ टाका आणि निदान ४८ तास आधी एअरलाइनला फोन करून पक्कं करा, ही मुदत डीजीसीएच्याच नियमांतली. फक्त चढण्या-उतरण्यापुरती मदत लागत असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागता येत नाही, हेही त्यातच आहे. मला फोनवर विचारलं होतं, ‘पेशंटला काय झालंय?’ म्हटलं, ‘पेशंट नाही, पॅसेंजर आहे. त्याला इंटरव्ह्यूचं टेन्शन आलंय.’

शेवटचं अक्षर बघा

एअरलाइनवाले तुमच्या नावापुढं एक कोड टाकतात, जगभर तोच. तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, विमानात चालता येतं, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, पण आत चार पावलं टाकता येतात. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे चालणं अजिबात नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. सगळा खेळ शेवटच्या अक्षराचा. वेबसाइटवर घाईत नुसत्या ‘व्हीलचेअर’वर टिक केली की बरेचदा पहिला कोड पडतो, आणि मग विमान गेटपासून लांब उभं असतं, समोर जिना असतो आणि खाली उभे असलेले चार जण तुमच्याकडं बघत असतात. ‘थोडं तरी चढाल ना?’

मोठ्या विमानतळांवर एरोब्रिज असतो, तिथं खुर्ची थेट दारापर्यंत जाते. लहान ठिकाणी तो नसतो आणि मोठ्या विमानतळावरही तुमचं विमान दूर उभं असेल तर बसनं जावं लागतं. तिथं अँब्युलिफ्ट लागते, म्हणजे एक ट्रक, ज्याची पेटी तुम्हाला आत घेऊन विमानाच्या दाराएवढी वर उचलली जाते. काही कंपन्या जिन्याऐवजी लांब उताराचा रॅम्प लावतात. या सोयींचे पैसे अपंग प्रवाशाकडून घ्यायचे नसतात. आणि समजा, ‘लिफ्ट यायला वेळ लागेल, आम्ही उचलून नेतो की’ असं कुणी म्हणालं तर? थांबा. लिफ्ट येऊ द्या. ओल्या लोखंडी जिन्यावरून चार अनोळखी हातांमध्ये लटकत जाण्याइतकी कुठलीच फ्लाइट महत्त्वाची नसते.

गंमत अशी की हे सगळं करूनसुद्धा विमान मला आपल्या इतर वाहनांपेक्षा सोपं वाटतं. एसटीची पहिली पायरीच माझ्या छातीएवढी उंच. लोकलच्या अपंगांच्या डब्यात चढायचं तर प्लॅटफॉर्म आणि डब्यातली फट ओलांडून कुणीतरी खुर्ची उचलायची. आणि माझं कॉलेज? विमान मला पस्तीस हजार फुटांवर घेऊन गेलं, पण आमची लायब्ररी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. तिथं मी अजून पोहोचलेली नाही.

पंधरा इंचांची वाट

विमानाच्या दारात तुमची खुर्ची संपते. दोन रांगांमधली वाट किमान किती रुंद असावी याचा अमेरिकेतल्या विमानरचनेच्या नियमांमधला आकडा आहे: खाली १५ इंच, गुडघ्याच्या वर २० इंच. माझी खुर्ची आटोपशीर, तरीही २४ इंच. जाणार कशी? मग येते आइल चेअर. पाटासारखी अरुंद, चार छोटी चाकं, दोन-तीन पट्टे. तुम्हाला तीवर बांधतात आणि मधल्या वाटेनं नेतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुतळा स्टेजवर आणतात तसं वाटतं, पण दोन मिनिटांचं काम आहे.

खरी गडबड होते ती तिथून सीटवर सरकताना. इथं तुम्हाला बॉस व्हायचंय. मदतीला येणारी मुलं चांगली असतात, पण घाईत असतात, आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं हे त्यांना तुम्हीच सांगायचं. ‘एक जण मागून, काखेखालून हात घालून माझी मनगटं धरा. दुसरा गुडघ्यांखाली. मी तीन म्हटल्यावर उचला.’ तीन कुणी म्हणायचं हे आधी ठरवा. माझ्या वेळी दोघांनीही म्हटलं, वेगवेगळ्या वेळी.

आणि एक सिक्रेट. वाटेकडच्या सीटचा हात पक्का दिसतो, पण बऱ्याच विमानांमध्ये काही ठरावीक रांगांत तो वर उचलता येतो. हाताच्या खालच्या बाजूला, मागं बिजागरीपाशी, एक छोटी खटकी असते. ती दाबली की हात वर. केबिन क्रूला विचारा, अशी सीट कुठली आहे. तो हात वर झाला की तुम्हाला त्याच्यावरून उचलावं लागत नाही, नुसतं सरकवावं लागतं. कंबर खरचटत नाही. ज्याला संवेदना नाही त्याला खरचटलेलं कळतही नाही, ते कळतं चार दिवसांनी, जखम झाल्यावर.

त्याच कारणासाठी आपली उशी आपल्याबरोबर सीटवर घ्यायची. खुर्चीवरची उशी म्हणजे शोभेची गादी नव्हे. दाब सारखा पसरावा म्हणून ती असते, बेडसोअर होऊ नये म्हणून. ती खुर्चीबरोबर खाली गेली आणि हरवली तर प्रवास सोडा, महिनाभर पालथं पडून राहावं लागू शकतं.

तहान

आता असं काहीतरी जे कुठल्याही ट्रॅव्हल ब्लॉगवर सहसा नसतं, आणि लिहू की नको असं माझंही झालं होतं.

दहाची फ्लाइट होती. मी आदल्या रात्री आठपासून पाणी प्यायले नव्हते.

कारण उघड आहे. विमानातलं टॉयलेट. देशात जी विमानं उडतात ती बहुतेक एकाच वाटेची, आणि त्यांच्या टॉयलेटमध्ये धडधाकट माणसालाही वळताना कोपर लागतं. आइल चेअर विमानात ठेवलेली असेल तरी ती दारापर्यंत नेईल, आत नाही. मग व्हीलचेअरवरची मुलं-मुली काय करतात? पाणी बंद करतात. काही जण डायपर घालतात, काही जण कॅथेटर लावतात. दोन तासांच्या फ्लाइटला चौदा-पंधरा तासांचा उपास पडतो, कारण घरून निघणं, ट्रॅफिक, चेक-इन, सिक्युरिटी, शेवटी उतरवणं, हे सगळं धरावं लागतं. मणक्याच्या दुखापतीत लघवीच्या मार्गाचा संसर्ग आधीच चटकन होतो आणि पाणी कमी पिणं म्हणजे त्याला आमंत्रण. मी इंटरव्ह्यूनंतर तीन दिवस तापानं आडवी होते.

आता मी असं करत नाही. आता बोर्डिंगच्या आधी विमानतळावरच्या अपंगांच्या टॉयलेटला जाऊन येते. माझी खुर्ची माझ्याखाली असते म्हणून जाता येतं. बघा, परत खुर्चीवरच आलो.

अमेरिकेनं २०२३ मध्ये नियम केला की एका वाटेच्या मोठ्या विमानांमध्येही व्हीलचेअरवाल्यांना वापरता येईल असं टॉयलेट हवं. पण तो नव्या विमानांना, आणि तोही पुढच्या दशकात लागू होणार. तोपर्यंत तुमची मैत्रीण विमानात पाण्याची बाटली नाकारत असेल तर ‘अगं, घे की’ असा आग्रह करू नका. तिचं गणित चालू असतं.

वाकडं चाक

इंटरव्ह्यू उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात होता. विमान उतरलं. आपल्याला सगळ्यात आधी चढवतात आणि सगळ्यात शेवटी उतरवतात, म्हणून मी बसून राहिले. सगळे गेले. सफाईवाले आले. वीस मिनिटांनी आइल चेअर आली, मग पुन्हा विमानतळाची जाडजूड खुर्ची, मग बेल्ट. माझी खुर्ची आली ती एका कुशीवर पडून. उजवीकडचं पुढचं छोटं चाक आतल्या बाजूला मुडपलेलं, आणि पाय टेकायची पट्टी एका स्क्रूवर लोंबकळतेय.

मी हात लावून बघितलं. ढकललं तर खुर्ची उजवीकडंच जायची. गोल गोल.

एअरलाइनच्या माणसानं सॉरी म्हटलं, अगदी मनापासून. मग म्हणाला, ‘बॅगांचं होतं कधी कधी असं.’ त्याला वाईट वाटलं होतं, पण त्याच्या डोक्यात ती बॅगच होती. बॅगेचं चाक मोडलं तर माणूस बॅग उचलून चालायला लागतो.

विमानतळाची खुर्ची गेटच्या बाहेर नेता येत नाही. टॅक्सीवाल्यानं खुर्ची डिकीत टाकली, मला आत बसवलं आणि स्वतःहून एका सायकल दुरुस्तीच्या टपरीपाशी गाडी उभी केली. तिथल्या चाचांनी चिमट्यानं, हातोडीनं, एक जुनी ट्यूब मध्ये धरून तो फोर्क सरळ केला. दीडशे रुपये. पूर्ण सरळ नाही झाला. इंटरव्ह्यूच्या खोलीत मी जरा तिरकी शिरले. पाऊण तास उशिरा. पॅनेलनं समजून घेतलं, ती नोकरी मला मिळाली नाही. उशिरामुळंच असं म्हणणार नाही. पण तयारी केलेलं निम्मं डोक्यात नव्हतं, हे मला माहीत आहे.

आणि मी चूक काय केली? तक्रार न नोंदवता बाहेर पडले. तुम्ही पडू नका. सामान बिघडलं की तिथंच, विमानतळ सोडायच्या आधी, प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट लिहून घ्यायचा असतो. त्याची प्रत घ्या. खुर्चीचे फोटो निघतानाच काढून ठेवा, चारी बाजूंनी, तारीख दिसेल असे. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. परदेशी जात असाल तर अजून एक. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीला माँट्रियल कराराची मर्यादा असते. २०२४ च्या डिसेंबरअखेर ती १,५१९ एसडीआर झाली, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास, सगळं सामान मिळून. पॉवर व्हीलचेअर याहून कितीतरी महाग असू शकते. चेक-इनच्या वेळी जास्त किंमत जाहीर करायची तरतूद त्याच करारात आहे, त्यासाठी जादा पैसे मागू शकतात, पण विचारा. आणि लेखी तक्रार सात दिवसांच्या आत.

हे काही फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. अमेरिकेत विमान कंपन्यांना बिघडलेल्या-हरवलेल्या व्हीलचेअरचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. २०२३ या एका वर्षात तो आकडा ११,५२७ होता, स्कूटर धरून. २०२४ मध्ये तिथल्या परिवहन खात्यानं अमेरिकन एअरलाइन्सला अपंग प्रवाशांच्या हेळसांडीसाठी ५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

विमानातून उतरवलं, तेव्हा

नियम आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी आधी अपमान गिळलेला असतो, किंवा गिळायला नकार दिलेला असतो.

१९ फेब्रुवारी २०१२. कोलकात्याच्या जिजा घोष गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेनं गोव्यात अपंगत्वावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती, तिचं आमंत्रण होतं. त्या स्पाइसजेटच्या विमानात जाऊन सीटवर बसल्या, आणि त्यांना उतरवण्यात आलं. कारण? त्यांच्याकडं बघून त्यांची तब्येत बरी नाही असं वाटलं. त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. १२ मे २०१६ ला निकाल लागला, दहा लाख रुपये भरपाई. चार वर्षं. अपंगांना दया नको, सन्मान हवा, हाच त्या निकालाचा सूर आहे. लॉच्या मुलांनी तो मुळातून वाचावा.

मे २०२२ मध्ये रांचीला इंडिगोनं एका अपंग मुलाला विमानात घेतलं नाही. बघणाऱ्या सहप्रवाशांनी आवाज उठवला, सोशल मीडियावर पोस्ट फिरली, डीजीसीएनं पाच लाखांचा दंड केला आणि दोन महिन्यांत नियम बदलला. आता अपंगत्व आहे म्हणून नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरनं प्रत्यक्ष तपासायला हवं, आणि नाकारलंच तर कारण लेखी द्यायला हवं. हे ‘लेखी’ लक्षात ठेवा. ‘सर, हे मला लिहून द्या’ या पाच शब्दांनी विमानतळावर बरीच कामं होतात.

आणि फेब्रुवारी २०२४, मुंबई. न्यूयॉर्कहून आलेलं ऐंशी वर्षांचं गृहस्थ आणि त्यांची पत्नी. दोघांसाठी खुर्च्या सांगितलेल्या, मिळाली एक. ती पत्नीला देऊन ते इमिग्रेशनपर्यंत चालत गेले आणि तिथं कोसळले. वाचले नाहीत. एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला.

यावर लोक म्हणतात, खुर्च्या कमी पडतात कारण धडधाकट माणसं रांग चुकवायला त्या मागतात. मागतात, खरंय. तुमच्या ओळखीत असं कुणी अभिमानानं सांगत असेल तर त्याला मुंबईची ही गोष्ट सांगा. पण अमेरिकेतल्या मुलाकडं पहिल्यांदा निघालेल्या आजी-आजोबांकडं मी तरी संशयानं बघत नाही. गुडघे दुखतात, बोर्ड वाचता येत नाहीत, दीड किलोमीटरचं टर्मिनल. त्यांना खुर्ची लागते, आणि कदाचित खुर्चीपेक्षा बरोबर चालणारं माणूस जास्त लागतं. ती सोय वेगळी करा ना. नाहीतर दोन गरजवंत एकाच खुर्चीसाठी एकमेकांकडं रागानं बघत बसतात.

बॅटरीवाल्यांसाठी

माझा एक मित्र पॉवर व्हीलचेअर वापरतो, त्याचं प्रकरण वेगळं. त्याला पहिला प्रश्न येतो तो बॅटरीचा. लिथियमची असेल आणि निघणारी असेल तर ती काढून केबिनमध्ये आपल्याबरोबर न्यावी लागते आणि तिची मर्यादा साधारणपणे ३०० वॅट-अवर. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले नसतील तर अकरावीचं फिजिक्स आठवा, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे २४०, चालेल. जेलची कोरडी बॅटरी असेल तर तिचं न सांडणारी असल्याचं लेबल दाखवा. बॅटरीची माहिती, खुर्चीचं वजन आणि उंची, हे तिकिटाबरोबरच कळवा, कारण खालच्या सामानाच्या दारातून खुर्ची उभी जाईल की नाही ते त्यावर ठरतं. मित्र सगळं एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून गळ्यात घालतो. वर जॉयस्टिकवर जाड फोम बांधतो. ‘तेच तोंड आहे माझ्या खुर्चीचं,’ म्हणतो.

२०२३ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात एक सीट दाखवली गेली. ती दुमडली की त्या जागी आपली पॉवर व्हीलचेअरच विमानात लॉक करता येते. तो व्हिडिओ त्यानं मला रात्री एक वाजता पाठवला होता. खाली फक्त रडणारे इमोजी.

परवा, गोवा

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जणी गोव्याला गेलो, विमानानं. ठरताना ग्रुपवर तीन दिवस शांतता होती. माझ्यासमोर विषय काढायला त्या घाबरत होत्या. शेवटी मीच लिहिलं, ‘तिकिटं काढा, बाकीचं मी बघते.’ त्यांना काय करायचं ते मी सांगितलं होतं: काउंटरवर कुणी त्यांना माझ्याबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, फक्त माझ्याकडं बघायचं. बस, एवढंच. भारी काम केलं ते. प्रश्न विचारणारा दोन सेकंद गोंधळतो, मग खाली माझ्याकडं बघतो.

सिक्युरिटीत थोडा वेळ जातो, तो धरून चला. महिला जवान पडद्याआड तपासते, खुर्चीच्या चाकांवर कापडी पट्टी फिरवून मशीनमध्ये घालतात. उठा म्हणाली तर शांतपणे सांगायचं, उठता येत नाही. कृत्रिम पाय लावणाऱ्यांना तर तो काढायला लावायचे. अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये त्यावर जाहीर व्हिडिओ केला तेव्हा सीआयएसएफनं माफी मागितली.

विमानाच्या दारापर्यंत मी माझ्या खुर्चीतून गेले. तिच्या पाठीवर मी मोठा कागद चिकटवला होता, मराठी-हिंदी-इंग्रजीत. ‘उभी ठेवा. वर काही ठेवू नका. इथं धरा’, आणि बाण. पुढच्या चाकांना फोम. पायाची पट्टी काढून पिशवीत, पिशवी मैत्रिणीकडं.

लोडर वर आला. पोरगाच होता, आमच्यापेक्षा लहान. त्यानं कागद पूर्ण वाचला, ओठ हलवत. खुर्चीभोवती एक चक्कर मारली. मग वाकून मला विचारलं, मैत्रिणींना नाही, ‘ताई, ब्रेक लावून ठेवू का सोडून?’

‘लावून,’ मी म्हटलं. ‘आणि ती उशी माझ्याकडं दे.’